एकशे अठ्ठेचाळीस

“अरे, वहिनी पण! मग बाळ कुणाकडे?”

गाडी नीट थांबलीही नव्हती, तेवढ्यात हर्षलने माझ्या बाजूचं दार उघडलं. गळ्यात वॉकीटॉकी, डोक्याला रुमाल, तोंडभर हसू. हर्षल बोरस्ते म्हणजे यशोधनचा, माझ्या नवऱ्याचा, इंजिनिअरिंगपासूनचा मित्र. नाशिकबाहेर त्याच्या मामांची वायनरी होती आणि दर फेब्रुवारीत तिथल्या हिरवळीवर तो दिवसभराचा टेक्नो संगीताचा कार्यक्रम भरवायचा. यशोधन आणि मी तिथे डीजे म्हणून जोडीने वाजवायचो. त्या वर्षी मात्र यशोधन एकटाच वाजवणार असं सप्टेंबरात ठरलं होतं, कारण माझी तारीख जानेवारीच्या शेवटी होती.

मी काही बोलायच्या आत यशोधन गाडीतून उतरला आणि डिकी उघडत म्हणाला, “आईकडे आहे.”

“भारी! म्हणजे आता आजीची सुट्टी संपली.” हर्षल माझ्याकडे वळला. “पण वहिनी, इतक्या लवकर? बरं वाटतंय ना?”

“हो,” मी म्हणाले.

“मग तुम्ही दोघंही वाजवा. पोस्टरवर नाव नसलं तरी काय झालं? लोक वेडे होतील.” तेवढ्यात वॉकीटॉकीवर कुणीतरी जनरेटरबद्दल ओरडलं आणि तो पळाला.

बाळ आईकडे नव्हतं. डिसेंबरात, आठव्या महिन्यात, एका सकाळी मला ते हललेलं जाणवलं नाही. मी गोड खाऊन पाहिलं, कुशीवर झोपून पाहिलं, मग आम्ही रिक्षाने हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टरांनी यंत्र पोटावर बराच वेळ फिरवलं आणि मग पडद्याचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं. त्यानंतर कळा आणायचं औषध दिलं. त्यानंतर दूध थांबायच्या गोळ्या दिल्या. मी दोन महिने डोंबिवलीला माझ्या आईकडे राहिले. तिथे खायचे, झोपायचे, आईने लावलेल्या मालिका बघायचे. रडू आलं नाही. लोक भेटायला आले की तेच रडायचे आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचे.

त्या आठवड्यात मी ठाण्याला आमच्या घरी परत आले होते. यशोधनने विचारलं, “नाशिकला येतेस?” नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून हो म्हटलं.

कलाकारांसाठी मागे एक तंबू होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, थर्मासमध्ये चहा, एका टेबलावर वाटीभर द्राक्षं. यशोधन हेडफोनची वायर सोडवत बसला. गुंता फारसा नव्हता.

“हर्षलला काहीच कळवलं नव्हतंस? असं का सांगितलंस?” मी विचारलं.

“तोंडातून निघून गेलं.”

“मग जाऊन खरं सांग.”

“आत्ता? त्याचा दिवस आहे आज. शेकडो लोक आलेत.” त्याने मान वर केली नाही. “संपल्यावर सांगू.”

“बरं.”

“तुला राग आलाय का?”

मला राग आला नव्हता. मी तसं सांगितलं. त्याला ते आवडलं नाही असं दिसलं. थोड्या वेळाने म्हणाला, “तू खरंच वाजवणार असशील तर वाजव. नाहीतर इथे पडून राहा. मी सांभाळतो.”

“वाजवते.”

“मृणू, नक्की?”

“हात रिकामे ठेवून काय करू?”

आमच्या आधी वाजवणाऱ्या मुलाचं संपत आलं तेव्हा ऊन अजून चढं होतं. स्टेजच्या डाव्या बाजूला द्राक्षांच्या वेली ओळीने लांबवर गेलेल्या, मधे धूळ, आणि पुढे हिरवळीवर लोक. टोप्या, गॉगल, खांद्यावर बसलेल्या मैत्रिणी. आम्ही टेबलामागे जाऊन उभे राहिलो. यंत्रं तीच, ओळखीची. मी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि लावला. आमचा दोघांचा संग्रह एकच होता. घरच्या कॉम्प्युटरवर एकच फोल्डर, त्यात दोघंही भर घालायचो. निघायच्या आदल्या रात्री मी तो सवयीने पेनड्राइव्हवर उतरवून घेतला होता.

तेवढ्यात हर्षलने माइक हातात घेतला.

“नाशिक!” तो ओरडला. खालून ओरडा आला. “ही जोडी तुम्हाला माहितीये. पण आज एक खास गोष्ट आहे. हे दोघं गेल्या महिन्यात आई-बाबा झालेत! आणि आई-बाबा झाल्यावरचा त्यांचा पहिला सेट ते कुठे वाजवतायत? आपल्याकडे!”

लोकांनी जो काही आवाज केला तो मी विसरलेले नाही. शिट्ट्या, टाळ्या, पुढच्या रांगेतल्या एका मुलीने दोन्ही हातांनी बदामाचा आकार करून आमच्याकडे धरला. यशोधनचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्या मुलीकडे बघून हात हलवला. मग पहिला ट्रॅक सुरू केला, कारण सुरू केल्याशिवाय तो आवाज थांबला नसता.

आता मी नवीन मुलांना हे काम शिकवते, तेव्हा पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगते. एक, वेग. मिनिटाला किती ठोके ते पडद्यावर आकड्यात दिसतं. चालू ट्रॅक आणि येणारा ट्रॅक यांचा वेग एक झाला पाहिजे, ठोक्यावर ठोका बसला पाहिजे. दुसरी गोष्ट पट्टी. गायला बसलेला माणूस काळी एक म्हणतो, पांढरी चार म्हणतो, तसंच. दोन ट्रॅक भलत्या पट्ट्यांतले असले तर वेग कितीही जुळू दे, कानात खडा गेल्यासारखं वाटतं. आम्ही पट्ट्यांना घड्याळासारखे आकडे देतो. आठवरून सातवर किंवा नऊवर गेलं की जुळतं, आठवरून दोनवर गेलं की भांडण. येणारा ट्रॅक आधी फक्त आपल्या हेडफोनमध्ये वाजतो. लोकांना तो ऐकू येत नसतो. आपण तो जुळवतो, आणि मग फेडर, म्हणजे त्याच्या आवाजाची सरकती खुंटी, हळूहळू वर सरकवतो.

पूर्वी ते जुळायचं त्या क्षणी माझ्या मानेवर काटा यायचा. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या देशांत केलेलं काहीतरी एकदम एका श्वासात चालायला लागायचं. त्यासाठीच तर मी बँकेतली नोकरी सोडली होती.

त्या दुपारी काटा आला नाही. मी आकडे बघत होते. एकशे चाळीसला एकशे चाळीस, आठला नऊ. फेडर वर. दोन ट्रॅक मी लावायचे, दोन यशोधनने, अशी आमची पद्धत. तो घामाघूम झाला होता, एकदा त्याचा ठोका घसरला आणि त्याने घाईघाईने सावरला. माझं काहीच घसरत नव्हतं. मी आयुष्यात इतकं सफाईने कधी वाजवलं नसेल. लोक उड्या मारत होते, धूळ गुडघ्यापर्यंत चढली होती, आणि मला ते सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं दिसत होतं. मधेच वाटलं, आईला फोन करून दुपारची गोळी घेतली म्हणून सांगायला हवं.

वेग चढत गेला. असा सेट हळूहळू वरच नेतात. यशोधनने त्याचे दोन लावले, दुसऱ्याला एकशे अठ्ठेचाळीसपर्यंत आणला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तुझं. मग तो पाणी प्यायला मागे वळला.

मी पडद्यावर यादी पट्टीप्रमाणे लावली. चालू ट्रॅक आठचा होता. आठच्या घरात एकशे अठ्ठेचाळीसचे तीन ट्रॅक होते. दोन माझ्या ओळखीचे होते. तिसऱ्याला नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसतं एक टिंब होतं. मला वाटलं, यशोधनने नवीन काही आणलं असेल. मी तो घेतला आणि हेडफोन कानाला लावला.

आधी खाली एक लांब, बारीक सूर होता, तंबोऱ्यासारखा, पण यंत्राचा. मग त्याखालून तो आला. घोडा दौडत यावा तसा, घुसमटलेला, पाण्याखालून ऐकू यावा तसा ठोका.

सातव्या महिन्यातली तपासणी होती ती. डॉक्टरांनी पोटावर थंडगार जेल लावून छोटं यंत्र टेकवलं होतं आणि खोलीभर तो आवाज भरला होता. यशोधनने परवानगी मागून फोनवर रेकॉर्ड केला. “एकशे अठ्ठेचाळीस,” डॉक्टर म्हणाल्या, “अगदी उत्तम.” यशोधन म्हणाला, “डॉक्टर, हा तर आमचा वेग!” त्यांना काही कळलं नाही. आम्ही मात्र लिफ्टमध्ये, रस्त्यात, घरी पोचेपर्यंत हसत होतो.

मी यशोधनकडे पाहिलं. त्याची पाठ माझ्याकडे होती, बाटली तोंडाला. चालू ट्रॅक संपायला थोडाच वेळ उरला होता. दुसरा कुठला तरी लावता आला असता. ते दोन ट्रॅक तिथेच होते, वरच्याच ओळींत.

मी का लावला, हे मला नंतर पुष्कळदा विचारलं गेलं, यशोधनने विचारलं, मी स्वतःला विचारलं. तेव्हा मनात एवढंच होतं की वेग जुळतोय आणि पट्टी जुळतेय. चाकाला बोट लावून ठोका किंचित पुढे ढकलला. बसला. मी फेडर वर सरकवला.

मोठ्या स्पीकरमधून तो बाहेर आला तेव्हा टेबल थरथरलं. यशोधनच्या हातातून बाटली पडली.

तो माझ्याजवळ आला आणि कानाशी ओरडला, “हे काय लावलंस? बंद कर!”

“कुणी केलं हे?”

“मी केलं. तू आईकडे होतीस तेव्हा. बंद कर, मृणू, हे वाजवायचं नव्हतं!”

“मग फोल्डरमध्ये कशाला ठेवलंस?”

त्याने काहीतरी उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही. खाली लोकांना ट्रॅक आवडला होता. त्यांनी हात वर केले. मघाची बदामवाली मुलगी डोळे मिटून नाचत होती. शेकडो माणसं त्या ठोक्यावर उड्या मारत होती, आणि त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी त्यांच्याकडे बघत होते. जमिनीतून तो ठोका माझ्या पायांत येत होता. तिथून वर. पोटापर्यंत.

मग वरचा सूर विरायला लागला आणि मला कळलं, ट्रॅक छोटा आहे. फोनवरचं रेकॉर्डिंग ते केवढं असणार? पडद्यावर उरलेला भाग दिसत होता, बोटभरही नव्हता. त्यापुढे सपाट रेघ.

माझा हात आपोआप लूपच्या बटणावर गेला. लूप म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. मी आठ ठोके पकडले. आठ संपले की परत पहिला. आठ संपले की परत पहिला. रेघ जिथे होती तिथेच थांबली.

लोकांना वाटलं, आता काहीतरी मोठं येणार. ते ओरडायला लागले, वाट बघायला लागले. मी काही आणलं नाही. लूप चालू राहिला. थोड्या वेळाने मागचे लोक नाचायचे थांबले. मग मधले. कुणीतरी हसलं, कुणीतरी शिट्टी मारली. हर्षल स्टेजच्या पायऱ्यांशी येऊन दोन्ही हातांनी खुणा करत होता: काय झालं? मशीन अडकलं का?

यशोधनने हात पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं.

“हात लावू नकोस.”

“मृणू, सोड.”

“मी सोडलं तर थांबेल ते.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत प्रथमच आम्ही एकमेकांकडे नीट पाहत होतो. तो किती वाळला होता! डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्याने हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने त्याने आपले हेडफोन कानाला लावले आणि त्याच्या बाजूच्या पडद्यावर खाली खाली जात राहिला. मग एका ठिकाणी थांबला.

“ऐक,” तो माझ्या कानाशी म्हणाला, आता न ओरडता, अगदी जवळून. “थांबवायचं नाही. मी दुसरा आणतो. आठचाच आहे, वेगही तोच. बरोबर ठोक्यावर बसवतो. दोन्ही एकत्र चालू देत, तुला हवं तितका वेळ. मग तू हळूहळू खाली घे. मी घाई करणार नाही.”

मी त्याचं मनगट सोडलं.

त्याने बसवला. केसभरही फरक नाही. नव्या ट्रॅकचा ठोका त्या ठोक्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला, मग बरोबरीने चालायला लागला. खाली लोक पुन्हा हलायला लागले. माझं बोट फेडरवर होतं. मी थोडं खाली घेतलं, परत वर नेलं. परत थोडं खाली. यशोधन फक्त माझ्या बोटाकडे बघत होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. फेडर तळाला टेकला तेव्हा मी ऐकत होते, अगदी कान देऊन ऐकत होते, तरी तो नेमका कुठे संपला ते मला कळलं नाही. दुसरा चालूच होता.

उरलेला सेट त्याने एकट्याने वाजवला. मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

खाली उतरलो तेव्हा उन्हं वेलींच्या टोकांवर आली होती. हर्षल तंबूत धावत आला.

“वहिनी, मधे मला घामच फुटला होता! पण काय सावरलंत राव! तो ट्रॅक कुणाचा? परदेशातला आहे का?”

यशोधनने तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोलले.

“हर्षलभाऊ, तो आमच्या बाळाचा ठोका होता. पोटातला. बाळ आईकडे नाहीये. ते डिसेंबरातच गेलं.”

हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते. तोवर दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं होतं.

हर्षल स्पीकरच्या रिकाम्या खोक्यावर बसला. बराच वेळ त्याने वॉकीटॉकी नुसती हातात फिरवली. “आणि मी माइकवरून…” एवढंच म्हणाला. मग उठला, यशोधनच्या खांद्याला धरून त्याला जवळ ओढलं, आणि यशोधन त्याच्या धुळीने भरलेल्या शर्टात तोंड खुपसून हमसून हमसून रडला. मी त्यांना पाणी आणून दिलं नाही. उभी राहून बघितलं.

परतताना घोटी मागे पडली होती. यशोधन गाडी चालवत होता. त्यानेच बोलायला सुरुवात केली.

“तू ऐकावंस म्हणून ठेवलं नव्हतं. वाजवावं म्हणून तर नाहीच. आपल्या बाकीच्या गाण्यांत ते असावं, एवढंच वाटलं. एकटं कुठे ठेवणार?”

“नाव का नाही दिलंस?”

“तुला विचारल्याशिवाय कसं देणार?”

मी खिडकीबाहेर बघितलं. डोंगरांच्या कडा अजून दिसत होत्या. एका धाब्यासमोर ट्रकवाले हातपाय धूत होते. माझ्या पोटाशी काहीतरी दुखत होतं, जुन्या कळेसारखं, आणि ते दुखणं थांबू नये असं मला वाटत होतं.

हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी सिस्टर पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून घेऊन आली होती. “एकदा बघून घ्या, ताई,” म्हणाली. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, मला काही दाखवू नका, काही सांगू नका. सगळ्यांनी ते इतकं पाळलं, की दोन महिने माझ्यासमोर प्रत्येक जण नुसतं ‘बाळ’ म्हणायचा. यशोधनने मात्र घेतलं होतं. तो खुर्चीवर बसून होता, बराच वेळ. पाठमोरी असूनही मला खुर्चीचा आवाज येत होता.

“यशो,” मी म्हटलं, “काय होतं?”

पुढे एके ठिकाणी रस्ता रुंद होता, तिथे त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

“मुलगी.”

बाजूने एक कंटेनर गेला, गाडी हलली.

“सांग,” मी म्हटलं.

“काय सांगू?”

“कशी होती ते सांग.”

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर घेतले, तळवे वर करून, काहीतरी धरल्यासारखे.

“केस होते,” तो म्हणाला. “भरपूर. ओले होते, कपाळाला चिकटलेले. मी बोटाने मागे सारले.”

“आणखी?”

“कपाळ तुझं. हनुवटी माझ्या आईची. एका मुठीची बोटं मिटलेली होती, ती मी उघडून बघितली. नखं एवढीशी.”

माझ्या घशातून एक आवाज आला, तो माझाच आहे हे मला जरा उशिराने कळलं. यशोधन थांबला.

“थांबू नकोस,” मी म्हटलं. “आणखी सांग.”